पाटीखालचं झाड

झाडापुढच्या पाटीवर दुसऱ्याच माणसाचं नाव होतं. अवधूतनं हातातली खुरपी खाली ठेवली, चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा वाचलं. कै. रामकिशन सरवदे यांच्या स्मरणार्थ. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं, ताजी आणि ठसठशीत. आपण रांग चुकलो असं त्याला आधी वाटलं, आणि तसं वाटल्यानं क्षणभर बरंही वाटलं. मग त्यानं झाडाकडे पाहिलं. करंजाचं झाड. लावल्यावर महिनाभरातच शेळीनं शेंडा खाल्ला होता, म्हणून वीतभरावरून दोन फाटे फुटून वर गेलेले. एवढ्या मोठ्या स्मृतिवनात असं दुसरं झाड नव्हतं. याच खड्ड्यात वर्षापूर्वी त्यानं आपल्या हातानं बापाची राख ओतली होती, मडकं उलटं करून तळाला चिकटलेलं बोटानं खरवडलं होतं, वर माती लोटली होती. बाप इथंच होता, नाव तेवढं भलत्याचं होतं. आणि तिकडे आई हदगावहून निघाली होती. वर्षश्राद्धाचे विधी मागच्या आठवड्यात हदगावच्या घरी उरकले होते; आता तिला झाड बघायचं होतं, पहिल्यांदाच. नांदेडला गाडी बदलताना ती घाटावर उतरून गोदावरीचं पाणी कॅनमध्ये भरून घेणार होती. फोनवर तिनं सांगितलं होतं, "त्यांना गंगेवर नाही नेलं, तर गंगा त्यांच्याकडं घेऊन येते." तिच्या आवाजात टोमणा होता की नुसताच थकवा, हे त्याला रात्रभर कळलं नव्हतं. ती यायच्या आधी आळं साफ करून ठेवावं म्हणून तो सकाळीच आला होता.

आप्पांच्या नावाची पाटी त्याला सापडली ती मागच्या भिंतीला लागून. तिच्या मागे एक वाळकी काडी होती, बांबूला सुतळीनं बांधलेली, आणि आळ्यात गुटख्याच्या पुड्या. कै. आप्पासाहेब पांगरीकर यांच्या स्मरणार्थ. काडीला त्यानं बोट लावलं तर ती मोडली. किती सोपं होतं हे सगळं. कुणी शिवी दिली नव्हती, कुणी लाच मागितली नव्हती, कुणी त्याच्यावर खास डूख धरून हे केलं नव्हतं. चार माणसांनी एका दुपारी पाट्या इकडच्या तिकडे लावल्या असाव्यात आणि ती घरी जाऊन जेवली असावीत. आपल्यावर अन्याय करायलाही ज्यांना आपली ओळख लागत नाही, त्यांच्यावर नेमकं चिडायचं तरी कसं, हे त्याला कळेना. तो चिडला मात्र पुरता होता.

आप्पा हसले असते. तेच त्याला जास्त झोंबत होतं. आप्पा पाटबंधारे खात्यात कालव्यावर होते, जन्मभर पाण्याच्या पाळ्या लावण्यात आणि खोट्या पाळ्यांवर सह्या करण्यात गेलेला माणूस. सरकारवर विश्वास ठेवायचा असेल तर सरकारी नोकरी करू नये, असं ते चहात बिस्किट बुडवता बुडवता म्हणत, आणि बिस्किट मोडून कपात पडलं की हेही सरकारीच आहे म्हणत. कुठल्याही योजनेची बातमी आली की त्यांचा एकच प्रश्न असे, "फोटो निघाला का? मग झालं काम." अवधूतनं विजेवरची स्कूटर घेतली तेव्हा ते हदगावहून मुद्दाम बघायला आले. तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "छान आहे. कोळसा परळीत जळणार, धूर परळीच्या लोकांनी खायचा, आणि लातुरात तू स्वच्छ." अवधूतला तेव्हा राग आला होता. त्यानं त्यांना आकडे सांगितले, आलेख दाखवले. ते ऐकून घेत राहिले, आणि शेवटी विचारलं, "बरं, चढावर दोघं बसले तर ओढते का?" ती ओढत नव्हती, आणि औशाच्या वाटेवर तिनं दोनदा दगाही दिला होता, पण तो ओढते म्हणाला होता.

खरं तर हे वेड त्याला त्या उन्हाळ्यात लागलं, लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या. तेव्हा त्याचं नवंच लग्न झालेलं, आणि टँकरच्या रांगेत घागरी धरून उभ्या असलेल्या इराच्या कोपराला कुणाची तरी कळशी लागून रक्त आलं होतं. ते रक्त पुसायला घरात पाणी काढताना त्याचा हात थांबला होता. बायकोच्या जखमेवर किती पाणी खर्च करावं याचा आपण विचार केला, ही गोष्ट त्यानं कधी कुणाला सांगितली नाही. पण त्यानंतर त्यानं घरामागे शोषखड्डा खणला, ओल्या-सुक्याच्या दोन बादल्या केल्या, भाजीवाल्याशी पिशवीवरून हुज्जती घातल्या, वर्गात डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांना जीवशास्त्र शिकवता शिकवता नद्यांवर बोलू लागला. कचऱ्याची गाडी ओलं आणि सुकं एकाच तोंडात ओतते, हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. रोज दिसत होतं. इरा म्हणायचीही, "मग आपण कशाला वेगळं करून राहिलो?" तो म्हणायचा, आपण आपलं करायचं. या वाक्यात त्याला तेव्हा फार मोठेपणा वाटे. आज भिंतीपाशी मोडकी काडी हातात धरून उभं असताना त्याला ते वाक्य आठवलं आणि थुंकावंसं वाटलं.

आणि हदगावच्या अंगणात, अस्थी सावडून आल्यावर, तो आईसमोर काय काय बोलला होता. आई भिंतीला टेकून बसलेली, समोर फडक्याखाली राख. तिला सवय नसलेलं रिकामं कपाळ ती सारखं पदरानं झाकत होती. आणि तो उभा राहून सांगत होता, हाडात फॉस्फरस असतं, कॅल्शियम असतं, ते मातीला लागतं, नदीला नाही लागत. गोदावरीची काय अवस्था आहे बघितलीस का घाटावर. लातुरात सरकारनं स्मृतिवन केलंय, प्रत्येकाच्या नावाचं झाड, पाटी, देखभालीची हमी. आई म्हणाली, "सरकारच्या जागेत ठेवतोस यांना?" तेवढंच. पुढे ती काही बोलली नाही, आणि त्यानं त्या गप्प राहण्याला होकार समजून घेतलं. जाता जाता त्यानं एक वाक्य टाकलं होतं, त्याला स्वतःलाच फार आवडलेलं. नदी काय आणि झाड काय, आई, शेवटी भाव महत्त्वाचा. मग तो मडकं आणायला बाजारात गेला होता.

पहिला इशारा तर लावायच्या दिवशीच मिळाला होता. अर्जात त्यानं चिंच लिहिली होती. आप्पांना चिंचेखाली झोपायला आवडे, कालव्यावर दुपारची त्यांची ती जागाच होती. हातात आला करंज. पुरवठा करंजाचाच झालाय, असं सांगण्यात आलं. करंजही देशीच झाड, त्यानं स्वतःची समजूत घातली, मधमाश्यांना चांगलं. पावसाळा संपल्यावर तो दर रविवारी येऊन पाणी घालायचा. मग माघापासून परीक्षांचा हंगाम लागला, क्लासचे जादा तास सुरू झाले, आणि येणं सुटलं. टँकर येतो की, हमी दिलीये. ऐन उन्हाळ्यात त्यानं झाडाला तोंड दाखवलं नव्हतं, आणि तरी झाड हिरवंगार होतं, तेव्हा सकाळी फाटकातून शिरताना त्याच्या मनात आलं होतं की बघा आप्पा, केलं की नाही सरकारनं.

फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत देखरेखीवरचा माणूस चहा ओतत होता. चहा प्लास्टिकच्या पन्नीतून आला होता. त्यानं तिची गाठ दातानं सोडवली आणि एक कप अवधूतपुढे सरकवला. अवधूतनं कपाला हात लावला नाही. त्यानं सांगितलं ते त्या माणसानं शांतपणे ऐकलं, मान हलवत, ओळखीची तक्रार ऐकावी तसं.

"त्याचं असं झालं बघा सर," तो म्हणाला, "मार्चमधी तपासणी व्हती वरून. पाट्या लई खराब झालत्या, कुनाची काळी, कुनाची पिवळी. साहेब म्हनले सगळ्या एकसारख्या पायजेत. मग काढल्या, पेंटरकडं दिल्या. परत लावताना पोरांनी लावल्या जशा हाताला आल्या तशा."

"आणि कुठली कुठल्या झाडाची, हे कुणी बघितलं नाही?"

"झाडावर कुठं लिव्हलेलं असतंय सर."

"माझ्या वडिलांची पाटी वाळक्या काडीपुढं आहे. त्यांच्या झाडाला दुसऱ्याचं नाव आहे. माझी आई येतीये आज."

"मग आजच्यापुरती बदला की तुम्ही. आपलं काई म्हननं न्हाई." त्यानं चहाचा घोट घेतला. मग अवधूतचा चेहरा बघून त्याला खरंच वाईट वाटलं असावं, कारण तो खुर्चीत पुढे झुकला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "सर, तुम्ही शिकले-सवरलेले. झाड काय, हे काय न ते काय. सगळी सावलीच देतेत. शेवटी भाव महत्त्वाचा."

अवधूत उठला. दारातून त्यानं विचारलं, हे कायमचं दुरुस्त कधी होणार, आणि मागून उत्तर आलं, "बघू की सर. सांगतो वर."

बघू. आयुष्यभर हा शब्द त्यानं खिडक्यांपलीकडून ऐकला होता, पण आज त्याला कापलं ते त्या शब्दानं नाही. त्याआधीच्या, भावाच्या वाक्यानं कापलं. ते वाक्य त्याचं होतं. एका विधवेच्या तोंडावर, तिच्या नवऱ्याची राख गार झाली नव्हती तेव्हा, ते त्यानं फेकलं होतं, आणि आता ते फिरून त्याच्याच तोंडावर आलं होतं, चहाच्या वासासकट. त्या माणसाच्या थोबाडीत द्यावी असं त्याला वाटलं आणि त्याच वेळी स्वतःच्याही. तो स्कूटरपाशी गेला, डिकीतून पाना काढला, झाडापाशी येऊन गुडघ्यावर बसला आणि पाटीचे बोल्ट फिरवू लागला. नवा रंग नटात भरून घट्ट झाला होता. बोटं सोलवटली तरी तो थांबला नाही. निघ, तो पुटपुटत होता, निघ माझ्या बापावरून. पाटी सुटून हातात आली तेव्हा त्याला एखादं मोठं काम केल्यासारखं वाटलं, आणि लगेच मागून बाईचा आवाज आला.

"तुम्ही हापिसातले का, सायेब?"

साठीची बाई होती, काटक, निळसर लुगडं, दोन्ही हातांत पाण्यानं भरलेले तेलाचे पाच-पाच लिटरचे डबे. डबे तिनं आळ्याशी ठेवले आणि कमरेवर हात देऊन श्वास घेतला. त्याच्या हातातल्या पाटीकडे तिनं पाहिलं, घाबरून नव्हे, उलट समाधानानं.

"बरं झालं काढली ते. मी कवाची सांगून राहिले त्या फाटकावरच्याला. मी सुमनबाई. ही आमच्या मालकाची पाटी. आता ह्ये बगा, हितं कै लिव्हलंय. आमच्यात न्हाई म्हनत कैलासवासी, सायेब. आमच्यात कालकथित म्हनत्यात. आदी बरोबर व्हतं, पोरानं सांगून लिव्हून घेतलं व्हतं. मग ह्यांनी समद्यांनाच कैलासात धाडलं."

त्याला हसू यायला हवं होतं. आप्पांना तर जोरात आलं असतं. बाईंनी एक डबा तिरका करून आळ्यात पाणी सोडलं, हळूहळू, एका जागी खड्डा पडू नये म्हणून धार फिरवत. त्यानं विचारलं, तुम्ही रोज येता का. विचारताना उत्तर नको होतं.

"यकाआड यक दिस. टँकर कुठं येतोय? उन्हाळाभर म्याच घातलं. आदी येत नव्हते मी. पोरानं सुगतनं केलं समदं, मला पटलंच नव्हतं. सरकारच्या जागंत मानूस ठिवायचा म्हंजे काय, म्हनलं मी. मग फागुनात यकदा आले तर ह्ये झाड दिसलं, ह्ये असे दोन हात वर केल्यालं." तिनं करंजाच्या दोन फाट्यांकडे हात केला. "आमचे मालक हमाल व्हते, मोंढ्यात. पोतं घ्यायला असेच हात वर करून हुबे ऱ्हायचे. म्हनलं, ह्येच हायेत. तवापासून येऊन राहिले."

आता सांगायचं, त्यानं ठरवलं. बाई, हे झाड तुमचं नाही. फाल्गुनात तुम्ही आलात तोवर पाट्या फिरल्या होत्या. तुमचे मालक कुठल्या झाडाखाली आहेत हे मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. कदाचित ते झाड जगलंही नसेल. खरं तेच होतं आणि खऱ्याचा त्याला हक्क होता. बाप त्याचा होता. तोंड उघडलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तो जे बोलणार आहे ते एका बाईकडून तिचा माणूस दुसऱ्यांदा काढून घेणं आहे, आणि तेही सरकारच्या वतीनं. पाट्या फिरवणारे खुर्चीत बसून चहा पीत होते आणि त्यांनी केलेल्या घाणीचा निकाल तिला सांगायचं काम त्याच्याकडे आलं होतं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आई म्हणत होती, ती कधीची स्टँडवर उतरली, रिक्षा केली, आता फाटकाशी आहे, ये.

आई फाटकाच्या सावलीत उभी होती, कॅन दोन्ही पायांमध्ये धरून. प्रवासानं चेहरा धुळकटलेला. वर्षात ती लहान झाली होती. त्यानं कॅन उचलला आणि वाटेत, ती झाडापाशी पोचायच्या आत, सगळं सांगून टाकलं, कारण तिच्यापुढे आता आणखी एक थाप नको होती. पाट्या, तपासणी, काडी, सुमनबाई. बोलता बोलता त्याचा आवाज चढला. तो म्हणाला, मी सोडणार नाही यांना, माहितीच्या अधिकारात विचारीन, पेपरात देईन. आई थांबून ऐकत होती. ती रडेल असं त्याला वाटत होतं, किंवा म्हणेल, सांगितलं होतं तुला. ते ऐकायची त्यानं तयारी केली होती.

"एवढा कशाला चिडतोस," ती म्हणाली. "इथं अर्धेच आहेत ते."

त्याला कळलं नाही.

"तू मडकं आणायला गेलास तेव्हा अर्धे काढून ठेवले होते मी, पितळी डब्यात. तेरावं झाल्यावर लतामावशीला घेऊन नांदेडला गेले आणि घाटावर सोडून आले गंगेत. आज पाणी भरलं ते तिथंच."

बाहेरच्या रस्त्यानं एक रिकामा टँकर खडखडत गेला.

"मला का नाही सांगितलंस?" त्याचा आवाज त्यालाच पोरासारखा वाटला.

"तू ऐकून घेत होतास का?" आईच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "उभा राहून बोलत होतास. सगळं आधीच ठरवून आलेलास, आणि वर विचारत होतास, आई, तुझं काय मत. हे म्हणायचे ना, गावात धरणाची सभा घ्यायला यायचे तेव्हा ते लोक असंच विचारायचे. तू अगदी सरकारसारखा बोलत होतास, अवधूत. सरकारशी भांडायचं नसतं. मान हलवायची आणि आपलं आपण करून टाकायचं."

म्हणजे वर्षभर. येणं सुटेपर्यंत तो रविवारी पाणी घालून तिला फोटो पाठवत होता आणि ती छान आहे म्हणत होती. आप्पा जसं खात्याला म्हणत, तसं. त्याला वाटायचं की फसवला गेलेला तो आहे, त्याच्या डोक्यावर सरकार आहे आणि खाली तो, आई, आप्पा, सगळे एका बाजूला. त्याच्या घरात मात्र वर तोच होता. दोन बादल्या, शोषखड्डा, कापडी पिशव्या, या सगळ्यांपुढे इरानंही अशीच मान हलवली असेल का, हा प्रश्न त्याला तिथंच उन्हात पडला आणि त्याचं उत्तर नकोसं वाटलं. संताप कमी झाला नव्हता. त्याला जायला जागा उरली नव्हती, एवढंच.

सुमनबाई आळ्याच्या कडेला बसल्या होत्या. आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली, जशी कुठल्याही लग्नात अनोळखी बाईशेजारी बसते. कॅनचं झाकण फिरवत म्हणाली, "गंगेचं पाणी आहे नांदेडचं. घालू का थोडं?"

"आमच्यात तसलं काई नसतंय," सुमनबाई म्हणाल्या. मग सरकून त्यांनी जागा दिली. "पर पानी हाय ना. घाला, झाडाला चालतंय."

आईनं पाणी घातलं. कॅन रिकामा होईपर्यंत ती काही पुटपुटली नाही, हात जोडले नाहीत. पदराला हात पुसून तिनं वर पाहिलं, तर अवधूत अजून पाटी धरून उभा होता.

"ती कशाला हातात घेऊन उभा राहिलास? होती तिथं लाव."

"आई, हे झाड..." तो हळू आवाजात म्हणाला.

"उन्हाळाभर पाणी कुणी घातलं?"

तो गुडघ्यावर बसला. सोलवटलेल्या बोटांनी त्यानं बोल्ट भोकांत घातले आणि पाना लावला. कै. रामकिशन सरवदे. प्रत्येक फेऱ्याला नट करकरत होता आणि तो जरुरीपेक्षा जास्त जोर लावत होता, दात आवळून, जणू ही पाटी पुन्हा कुणालाच काढता येऊ नये. मार्चमध्ये ज्यांनी ती लावली त्यांनी इतकी घट्ट बसवली नव्हती.

"जरा डावीकडं, सायेब," मागून सुमनबाई म्हणाल्या. "वाकडी झाली."

त्यानं ती डावीकडे केली.

"आन् ते कै तेवढं बदलून द्या म्हनावं. पोर इचारतंय माजं. कवा हुईल?"

आई त्याच्याकडे पाहत होती. त्यानं पाना खिशात घातला, पँटला लागलेली माती झटकली.

"बघू," तो म्हणाला. "सांगतो वर."